बंडखोराची प्रमिला

मैत्रिणींनो, २०२३ साली 'पिप्पा' सिनेमात काझी नझरुल इस्लाम यांच्या इंग्रजांविरुद्धच्या गीताची चाल बदलली, तेव्हा बंगालमध्ये केवढा गहजब झाला! मला मात्र आठवली प्रमिला.

१८९९ साली चुरुलियात जन्मलेले नझरुल लहानपणीच वडिलांना मुकले, बेकरीत राबले. एका कवितेपायी १९२३ मध्ये वर्षाची सक्तमजुरी झाली. तुरुंगातही त्यांनी उपोषण केलं. १९२४ मध्ये हिंदू प्रमिलाशी लग्न केलं, तेव्हाही लोकांनी नाकं मुरडलीच.

१९३९ मध्ये प्रमिलाला अर्धांगवायू झाला. १९४२ मध्ये नझरुलांची वाचाच गेली. अंथरुणाला खिळूनही १९६२ पर्यंत, मरेपर्यंत, तिनं त्यांना सांभाळलं. ते १९७६ मध्ये ढाक्यात गेले.

गाण्याची चाल बदलली म्हणून गाव पेटतं. हिची आठवण कोण काढतं, सांगा बरं?