न्यायासनापुढे गुरुजी

पोलंड देशाच्या वॉर्सा ह्या राजधानीत, क्रोखमाल्ना नावाच्या रस्त्यावर, अनाथ मुलांचे एक वसतिगृह होते. तेथे सुमारे शंभर मुले-मुली राहत असत. ह्या वसतिगृहात मुलांचे एक न्यायालय भरे. न्यायाधीश पाच, आणि तेही मुलेच! एकदा त्या न्यायालयापुढे एक प्रौढ गृहस्थ आरोपी म्हणून आले. एका मुलीवर त्यांनी चोरीचा संशय घेतला होता. हे गृहस्थ म्हणजे वसतिगृहाचे प्रमुख, डॉक्टर यानुश कोर्चाक होत; आणि त्यांच्याविरुद्धची फिर्याद त्यांनी स्वतःच नोंदविली होती.

कोर्चाक यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. वॉर्सा येथील एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील वकील होते. हेन्रिक शाळेत असतानाच वडिलांस मनाचा आजार जडला आणि १८९६ साली ते वारले. घरची सुबत्ता ओसरली. तेव्हा हा मुलगा शिकवण्या करून कुटुंबास हातभार लावू लागला. ज्या शाळेत तो स्वतः शिकला, तेथे मुलांना फटके मारीत. त्या फटक्यांची आठवण त्याच्या मनातून कधीच गेली नाही. पुढे तो डॉक्टर झाला. मुलांच्या रुग्णालयात त्याने कीर्ती मिळविली आणि यानुश कोर्चाक ह्या टोपणनावाने लेखक म्हणूनही तो प्रसिद्धीस आला. असे असता १९१२ साली कोर्चाकांनी ह्या अनाथगृहाचा भार स्वीकारला. स्तेफानिया विल्चिन्स्का ह्या बाई त्यांच्या सहकारी होत्या. दोघांनीही आपले उरलेले सारे आयुष्य ह्या मुलांना वाहिले.

शंभर मुले एकत्र राहू लागली म्हणजे भांडणे व्हावयाचीच. कोणी कोणाची वही फाडी, कोणी कोणास चिडवी. अशा वेळी गुरुजी घाईत असले, तर जो मोठ्याने ओरडेल त्याचेच म्हणणे ऐकले जाते. जो मुखदुर्बळ असतो तो मनात कुढत राहतो. शिवाय रागाच्या भरात दिलेला निकाल न्यायाचा असेलच असे नाही. म्हणून कोर्चाकांनी न्यायालय स्थापन केले. ज्या मुलांविरुद्ध त्या आठवड्यात कोणतीही फिर्याद नसे, त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निवडले जात. गुरुजनांकडे केवळ चिटणिसाचे काम असे. त्यांस मत देण्याचा अधिकार नव्हता. कायद्याची कलमे १ पासून १००० पर्यंत क्रमांकांची होती. मात्र शंभराच्या आतील कलमे बहुतेक क्षमेची होती. अपराध्यास सुधारण्याची संधी द्यावी, हेच त्या कायद्याचे तत्त्व होते. एक हजारावे कलम तेवढे वसतिगृहातून काढून टाकण्याचे होते.

हा प्रयोग पहिल्याच दिवशी यशस्वी झाला असे नाही. काही मुलांनी न्यायालयाची थट्टा केली, आणि ते काही काळ बंदही ठेवावे लागले. तथापि कोर्चाक निराश झाले नाहीत. नियमांत सुधारणा करून त्यांनी ते पुन्हा सुरू केले. सहा महिन्यांत पाच वेळा त्यांनी स्वतःस न्यायालयाच्या हवाली केले. एका मुलाच्या कानशिलात त्यांनी मारली होती; एकास शयनगृहातून बाहेर घालविले होते; एकास कोपऱ्यात उभे केले होते; एका बालन्यायाधीशाचा त्यांनी अपमान केला होता; आणि पाचवा अपराध त्या मुलीवर घेतलेल्या संशयाचा. पहिल्या तीन खटल्यांत त्यांनी आपला लेखी बचावही सादर केला. पाचही वेळा मुलांनी सौम्य कलमांखालीच निकाल दिला. ह्या खटल्यांनी आपणांस खरा शिक्षक बनविले, असे कोर्चाक मानीत. शिक्षकाच्या मनात प्रेम असले म्हणजे पुरे झाले असे नाही. त्याच्या लहरीपासूनही मुलांस संरक्षण हवे, हा धडा ते त्या न्यायासनापुढे शिकले.

ह्याच विचाराने वसतिगृहात पत्रांची एक पेटी ठेवली होती. ज्यास बोलण्याचा संकोच वाटे, त्याने आपले गाऱ्हाणे लिहून पेटीत टाकावे. नव्याने आलेल्या मुलाची काळजी घेण्यास एखादे जुने मूल नेमले जाई. जेवणानंतर ताटे गोळा करण्याचे काम कोर्चाक पुष्कळदा स्वतः करीत. कारण त्या निमित्ताने कोणती थाळी फुटकी आहे, कोणता चमचा वाकला आहे आणि कोणते मूल आज गप्प आहे, हे त्यांस समजे.

१९३९ साली जर्मनीच्या नाझी सैन्याने पोलंड जिंकला. पुढल्या वर्षी वॉर्सातील ज्यू लोकांना उंच भिंतींआड कोंडण्यात आले. कोर्चाकांची मुलेही तेथे गेली. अन्नाचे दुर्भिक्ष होते, रोगराई माजली होती. वृद्ध होत चाललेले कोर्चाक मुलांसाठी दारोदार धान्य मागत हिंडत. तशा दिवसांतही मुलांनी १८ जुलै १९४२ रोजी एक नाटक केले. ते रवींद्रनाथ ठाकूरांचे 'डाकघर' होते. आजारामुळे घरात कोंडलेल्या, पण खिडकीतून अवघे जग न्याहाळणाऱ्या अमल नावाच्या मुलाची ही कथा. त्या मुलांना अमल परका कसा वाटावा?

त्यानंतर तीन आठवडेही लोटले नाहीत, तोच मुलांना मृत्यूच्या छावणीकडे नेण्याची आज्ञा आली. कोर्चाकांना त्या भिंतींबाहेर सुखरूप काढण्याची तयारी मित्रांनी पूर्वीच दाखविली होती. ती त्यांनी नाकारली होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुले रांगा करून आगगाडीच्या दिशेने चालू लागली. त्यांच्यासह कोर्चाक होते, स्तेफानियाबाई होत्या, इतर शिक्षकही होते. ट्रेब्लिंका येथील छावणीतून त्यांपैकी कोणीही परत आले नाही.

पुढे १९८९ साली संयुक्त राष्ट्रसंघाने मुलांच्या हक्कांचा करार संमत केला. त्याची पहिली सूचना मांडणारा देश पोलंड होता. ज्या देशात एका गुरूने आपल्या शिष्यांपुढे न्याय मागितला, त्याच देशातून ही सूचना यावी, हे उचितच झाले.