मलिक अंबर : मुळं तुटलेल्या माणसाची गोष्ट (मराठी निबंध)



आजचा निबंध इतिहासातल्या एका मोठ्या माणसावर आहे. पण आधी आपल्याच शाळेतली एक गोष्ट सांगते. आपली शाळा सांताक्रूझ पूर्वेला. वर्गात कोकणातली, साताऱ्याकडची, उत्तर प्रदेशातली, कर्नाटकातली अशी सगळीकडची मुलं. एकदा मी सातवीच्या मुलांना घरचा वंशवृक्ष काढून आणायला सांगितला. कोणी पणजोबांपर्यंत पोहोचलं, कोणी त्याच्याही मागे गेलं. एका मुलीच्या कागदावर मात्र तीनच चौकोन होते : ती, तिची आई आणि आजी. मी सवयीने सांगून टाकलं, की घरी विचारून पूर्ण कर. त्यानंतर ती दोन दिवस शाळेत आलीच नाही.

चूक माझी होती. ज्याला आपल्या मागची माणसं माहीतच नाहीत, त्याने कोरी जागा कशी भरायची, हा विचार मी केलाच नव्हता. तेव्हा मला मलिक अंबर आठवला.

बालपण आणि गुलामगिरी

मलिक अंबरचा जन्म साधारण १५४८ साली आफ्रिकेतील इथिओपिया देशात झाला. त्याचं लहानपणीचं नाव चापू. गरिबीमुळे आईवडिलांनीच त्याला विकलं, असं सांगतात. तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरातल्या बाजारात त्याची विक्री झाली. पुढे तो बगदादला पोहोचला. तिथल्या मालकाने त्याला लिहायला-वाचायला आणि हिशेब करायला शिकवलं आणि अंबर हे नवं नाव दिलं.

म्हणजे बघा, घर गेलं, भाषा गेली, धर्म बदलला आणि नावही बदललं. पाठीमागचं सगळंच पुसलं गेलं.

१५७० च्या सुमारास अंबर दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखान स्वतःही हबशी आणि पूर्वीचा गुलामच होता. राज्यकारभार कसा चालतो हे अंबरने त्याच्याजवळ राहून पाहिलं. काही वर्षांनी चंगेजखान वारला आणि त्याच्या पत्नीने अंबरला मुक्त केलं. पुढे अंबरला दोन मुलगे झाले. थोरला फत्तेखान. दुसऱ्याचं नाव त्याने ठेवलं चंगेजखान! आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात ना, तसंच हे. रक्ताच्या आजोबांच्या जागी अंबरने आपल्या जुन्या धन्याचं नाव पुढे चालवलं.

गुलाम ते वजीर

मुक्त झाल्यावर अंबरने काही काळ विजापूरकरांकडे नोकरी केली. तिथे त्याला मलिक ही पदवी मिळाली. नंतर तो पुन्हा निजामशाहीत आला. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. आता निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं. पण मलिक अंबरने त्याच घराण्यातल्या एका मुलाला दुसरा मुर्तजा निजामशाह म्हणून परांड्याला गादीवर बसवलं आणि आपल्या मुलीचं लग्न त्याच्याशी लावून दिलं. पुढची पंचवीस वर्षं तो मोगलांशी झुंजत राहिला.

त्याचं सैन्य मोगलांपेक्षा लहान होतं, पण डोंगर-दऱ्यांची माहिती असलेले मराठा घोडेस्वार त्याच्याकडे होते. अचानक छापा घालायचा, रसद तोडायची आणि डोंगरात निघून जायचं, ही त्याची रीत. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे याच काळात निजामशाहीत होते. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मोठी लढाई झाली. अंबरने तलावाचा बांध फोडला आणि शत्रूच्या तळात पाणी-चिखल करून सोडला. मोगल आणि विजापूर यांच्या एकत्र फौजेचा तिथे पराभव झाला. या लढाईत शहाजीराजांचे भाऊ शरीफजी धारातीर्थी पडले.

मलिक अंबर फक्त लढवय्या नव्हता. त्याने जमिनीची मोजणी करून, पिकाचा कस पाहून सारा ठरवला. मलिकंबरी धारा हे नाव महाराष्ट्रात पुढे बराच काळ टिकलं. १६१० च्या सुमारास त्याने खडकी हे शहर वसवलं. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. खडकी म्हणजेच पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर.

न बुजलेली जखम

एवढं मोठं झाल्यावर जुनं दुःख संपलं असेल का? नाही. त्या काळच्या एका डच व्यापाऱ्याने एक हकिकत लिहून ठेवली आहे. निजामशाहाच्या इराणी बेगमेने अंबरच्या मुलीला तिच्या हबशी कुळावरून हिणवलं आणि तिच्या बापाचाही अपमान केला. मुलीने हे बापाला कळवलं. अंबर इतका संतापला, की त्याने सुलतानालाच विष देववलं. मोगल बादशहा जहांगीरही त्याच्या रंगावरून त्याला वाईट बोले. अंबरचं कापलेलं डोकं भाल्यावर आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडतो आहे, असं चित्र जहांगीरने काढून घेतलं. खऱ्या आयुष्यात मात्र त्याला अंबरला कधीच पकडता आलं नाही.

विष देणं हे वाईटच. मोठा माणूस म्हणून त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. अंबरने आपल्या फौजेसाठी हबशी गुलामही विकत घेतले होते, हेही खरं आहे. पण यातून एक गोष्ट कळते. सत्ता आली, शहर वसलं, तरी कुळावरून केलेला अपमान त्याच्या आतवर जाऊन लागत होता.

१६२६ साली मलिक अंबर वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे. जवळच त्याची पत्नी करीमा हिचीही कबर आहे.

जे वजीर झाले नाहीत त्यांचं काय?

मित्रांनो, आफ्रिकेतून पश्चिम किनाऱ्यावर आलेले सगळेच काही वजीर झाले नाहीत. हजारो माणसं खलाशी, शिपाई, घरगडी म्हणून राबली. त्यांचे वंशज म्हणजे आजचे सिद्दी. ते गुजरातेत आहेत, कर्नाटकात आहेत, आपल्या मुंबईत डोंगरीलाही त्यांची जुनी वस्ती आहे. त्यांच्याकडेही लेखी वंशावळ नव्हती. मग त्यांनी काय केलं?

त्यांनी पूर्वज ढोलात जपले. गुजरातमध्ये भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला बावा गोर यांचा दर्गा आहे. बावा गोर हे आफ्रिकेतून आलेले संत. सिद्दी त्यांना आपले पूर्वज मानतात आणि माई मिसरा ही त्यांची बहीण. तिथे गोमा म्हणजेच धमाल चालते. ढोल वाजतात, नाच होतो, पूर्वज अंगात येतात. मन बिघडलेली, बाधा झाली असं मानलेली माणसं तिथे येऊन राहतात. त्यात हिंदू, मुसलमान, पारशी सगळेच असतात. गोमा हा शब्द आफ्रिकेतल्या न्गोमा या शब्दावरून आला. न्गोमा म्हणजे ढोल, आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागात ढोल वाजवून आजार बरा करण्याच्या विधीलाही न्गोमाच म्हणतात. मुलूख सुटला, भाषा विसरली, पण हा शब्द टिकला!

कर्नाटकात यल्लापूर-हल्याळ भागातले सिद्दी कोकणी बोलतात. ते नवरात्राच्या दिवसांत घरात नारळ मांडून हिरियारू म्हणजे वाडवडील पुजतात. तिकडे समुद्रापलीकडे हैती, ब्राझील, क्युबा इथे गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनीही असंच केलं. ढोल वाजवून पूर्वजांना बोलावण्याची रीत त्यांनी सोडली नाही.

आता कोणी विचारेल, ढोल वाजवून आजार बरा होतो का? मनाच्या आजाराला डॉक्टर आणि औषध लागतंच, ते टाळू नये. पण एकटं पडलेल्या माणसाभोवती चार जण बसतात, त्याचं दुःख ऐकतात, तू आमच्यातलाच आहेस असं त्याला दाखवून देतात, यानेही मनाला मोठा आधार मिळतो. ज्यांच्याकडून घर, नाव सगळं हिसकावून घेतलं, त्यांनी हा आधार स्वतः उभा केला.

आपण काय शिकलो?

वंशवृक्ष फक्त रक्ताचा नसतो. ज्याने शिकवलं, सांभाळलं, संकटात हात दिला, तोही आपल्या झाडाचीच फांदी. अंबरने धन्याचं नाव मुलाला दिलं. सिद्दींनी एका संताला पूर्वज मानलं.

त्या मुलीला मी तो कागद परत दिला आणि माझी चूक कबूल केली. ज्यांनी तुला वाढवलं त्या सगळ्यांना लिही, असं सांगितलं. तिने बालवाडीच्या बाई लिहिल्या, शेजारच्या काकू लिहिल्या, आईला कामाला लावून देणाऱ्या मावशी लिहिल्या. शेवटी कागद पुरला नाही, मागची बाजू घ्यावी लागली.

तुमच्यापैकी कोणाचं मन फार जड झालं असेल तर घरी किंवा शिक्षकांना नक्की सांगा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावरही फोन करता येतो.

शब्दार्थ
हबशी – इथिओपियाकडून आलेले लोक
नहर – पाण्याचा कालवा
धारा – शेतसारा
रसद – सैन्याचा अन्नधान्य पुरवठा

स्वाध्याय
१) मलिक अंबरने आपल्या मुलाचं नाव चंगेजखान का ठेवलं असेल? तुमच्या शब्दांत लिहा.
२) नहर-ए-अंबरीत पाणी कशाच्या जोरावर वाहत असे?
३) उपक्रम : ज्यांनी तुम्हाला वाढवलं त्यांचं झाड काढा. नात्यातलं कोण आणि बाहेरचं कोण, याची खूण करायची नाही.