हजरत अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) : उजव्या बाजूला बसलेला मुलगा

सावनेरमध्ये जुम्याच्या नमाजनंतर नवे पिते अनेकदा एकच प्रश्न घेऊन येतात. बाळाचा खतना सातव्या दिवशीच करावा की थांबावे? घरात आजी-आजोबांना घाई असते, नातेवाइकांना दावतीची तारीख हवी असते आणि बाळाची आई भ्यालेली असते. ज्याच्या देहाचा हा प्रश्न आहे, ते बाळ अजून बोलतही नाही. अशा वेळी मला हजरत अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) यांचे चरित्र सांगावेसे वाटते.

त्यांचा जन्म हिजरतीच्या सुमारे 3 वर्षे आधी मक्केत झाला. कुरैशांनी बनू हाशिमवर बहिष्कार टाकला होता आणि ते कुटुंब शिअबे अबी तालिब या घळीत उपासमार सोसत होते. वडील हजरत अब्बास (रजि.) हे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे काका, आई हजरत उम्मुल फजल (रजि.). मक्काविजयाच्या सुमारास हे कुटुंब मदीनेस आले, तेव्हा अब्दुल्लाह दहा-अकरा वर्षांचे होते. प्रेषितांचा सहवास त्यांना जेमतेम अडीच वर्षे लाभला.

उम्मुल मोमिनीन हजरत मैमूना (रजि.) या त्यांच्या मावशी. एका रात्री ते मावशीच्या घरी मुक्कामाला राहिले. प्रेषित (स.) तहज्जुदसाठी उठले, तेव्हा हा मुलगाही उठला आणि त्यांच्या डाव्या बाजूस उभा राहिला. प्रेषितांनी त्याला न रागावता, कानाला धरून हळूच उजव्या बाजूला आणले. पुढे एकदा त्याने न सांगता वुजूचे पाणी भरून ठेवले, तेव्हा त्याला दीनची समज लाभावी अशी दुआ प्रेषितांनी केली.

याच घरातली आणखी एक घटना तिर्मिजीच्या रिवायतीत आली आहे. दुधाचे भांडे आले. उजवीकडे इब्ने अब्बास, डावीकडे हजरत खालिद बिन वलीद (रजि.). प्रेषित (स.) दूध प्याले. त्यानंतरचा मान उजवीकडच्याचा. तो ज्येष्ठांना द्यायचा झाला तर मुलाची संमती हवी, म्हणून प्रेषितांनी त्यालाच विचारले. प्रेषितांच्या उष्ट्याचा लाभ मी दुसऱ्या कोणालाही देणार नाही, असे मुलाने नम्रपणे कळवले. भांडे त्याच्याच हाती आले. साऱ्या अरबस्तानचा नेता एका मुलाचा हक्क त्याला न विचारता दुसऱ्याला देत नाही!

इसवी सन 632 मध्ये प्रेषितांचे निधन झाले. तेव्हा तुमचे वय काय होते, असे पुढे कोणी विचारले असता इब्ने अब्बास (रजि.) यांनी वर्षे सांगितली नाहीत. आपला खतना झालेला होता, आणि त्या काळी मुलगा जाणत्या वयाला पोचेपर्यंत त्याचा खतना करत नसत, असे त्यांनी सांगितले. ही नोंद सहीह बुखारीत आहे. याचा अर्थ खतना त्यांना गौण वाटत होता असा नव्हे, हजरत इब्राहीम (अलै.) यांच्या या सुन्नतबाबत त्यांची मते कडक होती. परंतु थांबणे म्हणजे टाळणे नव्हे, एवढे त्यांच्या बालपणावरून स्पष्ट होते.

पुढचे आयुष्य इल्मचे. एखादी हदीस ऐकण्यासाठी ते भर दुपारी अन्सारी सहाब्याच्या दारात, धूळ अंगावर घेत बसून राहत. झोपलेल्याला उठवत नसत. हजरत उमर (रजि.) या तरुणाला बद्रच्या वृद्ध योद्ध्यांच्या पंक्तीत बसवत. खारिजी बिथरले, तेव्हा ते एकटे त्यांच्यात गेले आणि युक्तिवादाने अनेकांना परत घेऊन आले. मक्केत मुजाहिद, अता, इक्रिमा यांसारखे शिष्य त्यांनी घडवले. उतारवयात दृष्टी गेली. हिजरी 68 मध्ये ताइफ येथे ते अल्लाहच्या भेटीस गेले. लहानपणी ज्याला विचारले गेले, त्याला पुढे सारी उम्मत विचारत राहिली.

आता त्या पित्यांच्या प्रश्नाकडे येऊ. खतना हनफी मजहबात सुन्नत आहे, शाफई मजहबात वाजिब. शाफई विद्वानांनी सातवा दिवस पसंत केला, पण मूल अशक्त असेल तर थांबायला सांगितले. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी वेळ ठरवून दिली नाही. बालपणी केला तर जखम लवकर भरते, म्हणून लवकर करणाऱ्याला दोष नाही. मात्र बालिग होण्यापूर्वी तो व्हावा. बाळाला कावीळ असेल, घराण्यात रक्त न थांबण्याचा आजार असेल किंवा लघवीचे छिद्र जागेवर नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवणे हे मातापित्यांचे कर्तव्य आहे. छिद्राच्या दोषात शस्त्रक्रियेसाठी तीच त्वचा लागते. घाईने काढली तर नुकसान मुलाचे होते. आणि मूल कळते झाले असेल, तर त्याला फसवून, धरून नेऊ नका. काय होणार आणि का, हे त्याला समजावून सांगा.

निर्णय मातापित्यांनीच घ्यायचा आहे, कारण अल्लाहने ते मूल त्यांच्याकडे अमानत म्हणून सोपवले आहे. अमानतीचा हिशोब दावतीला आलेल्या पाहुण्यांना द्यावा लागत नाही; तो अल्लाहला द्यावा लागतो. अल्लाह आपल्या मुलांना आरोग्य आणि दीनची समज देवो, आणि आपल्याला त्यांचे हक्क ओळखण्याची तौफीक देवो. आमीन.