भवानराव पंतप्रतिनिधी: दालनाचे दार आणि पाटीची भाषा

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला पुढील गोष्टी साध्य करता येतील.
१. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांच्या जीवनकार्याची रूपरेषा सांगता येईल.
२. कलासंग्रहाच्या उभारणीमागील त्यांची भूमिका स्पष्ट करता येईल.
३. वस्तुसंग्रहालय सर्वांसाठी खुले असणे म्हणजे काय, याचा भाषेच्या अंगाने विचार करता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, चरित्र या वाङ्मयप्रकाराचा परिचय आपण मागील घटकात करून घेतला. चरित्रनायकाच्या आयुष्यातील घटना कालानुक्रमाने मांडणे एवढेच चरित्रकाराचे काम नसते. त्या आयुष्याने मागे ठेवलेले प्रश्न ओळखणे हेही त्याचेच काम असते. प्रस्तुत घटकात आपण औंधच्या भवानरावांचे जीवन याच दृष्टीने पाहणार आहोत. सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि प्रजेला सत्ता देणारे राजे म्हणून त्यांचे नाव तुमच्या परिचयाचे असेल. येथे मुख्य भर आहे तो त्यांनी उभारलेल्या कलासंग्रहावर. ही कला कोणासाठी आहे आणि दालनात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला येथे आपल्यालाही जागा आहे असे वाटते का, हा आजच्या वस्तुसंग्रहालयांपुढील कळीचा प्रश्न आहे.

विषय-विवेचन

(अ) जन्म, शिक्षण आणि संस्थान

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. लोकांत ते बाळासाहेब या नावाने ओळखले जात. त्यांचे घराणे प्रतिनिधींचे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात परशुराम त्रिंबक यांना प्रतिनिधिपद मिळाले आणि पुढे ते या घराण्यात चालत आले. सातारा आणि पुणे येथे शिक्षण घेऊन भवानराव बी.ए. झाले. त्या काळी संस्थानिकाच्या घरात ही पदवी दुर्मीळच होती. १९०९ साली त्यांच्याकडे संस्थानची सूत्रे आली.

औंध हे लहान संस्थान होते. सुमारे ७२ गावे आणि ७५ हजारांच्या आसपास लोकसंख्या, एवढाच त्याचा व्याप. तोही सलग नव्हता. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, तर काही गावे विजापूरकडे, अशी त्याची विखुरलेली रचना होती. त्यातला बराचसा मुलूख माणदेशाचा, म्हणजे अवर्षणाचा. उत्पन्न बेताचेच. हा तपशील तुम्ही ध्यानात ठेवावा, कारण भवानरावांनी कलेवर केलेला खर्च हा श्रीमंत संस्थानाचा शौक नव्हता. १९१० साली बेळगावहून कारखाना हलवावा लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडलजवळच्या माळावर जागा आणि आर्थिक साहाय्य दिले. तेथेच किर्लोस्करवाडी उभी राहिली.

(आ) चित्रकार राजा

भवानराव स्वतः चित्रकार होते. रामायणातील प्रसंगांवर त्यांनी चित्रमालिका केली आणि ती १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. अजिंठा आणि वेरूळ येथील लेण्यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला, चित्रकारांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या आणि दोन्ही स्थळांवर माहितीपर ग्रंथ लिहिले. ते कीर्तनही करीत. कीर्तनकार आणि चित्रकार यांच्यात एक साम्य आहे. अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंतही दोघे पोहोचू शकतात. भवानरावांच्या कलादृष्टीचे मर्म या साम्यात आहे.

१९१८ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी, यासाठी त्यांनी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. ही आवृत्ती सचित्र असावी, असा त्यांचा आग्रह होता. प्राचीन शिल्पांतील व चित्रांतील वेशभूषा आणि अलंकार अभ्यासून त्यांनी स्वतः तिच्यासाठी चित्रे काढली. या प्रकल्पाचे पहिले दृश्य फळ म्हणजे ना. बा. उतगीकर यांनी संपादित केलेली विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती. ती १९२३ साली प्रकाशित झाली. पुढे वि. सी. सुकथनकर यांनी संपादनाची धुरा वाहिली. संपूर्ण आवृत्तीचे काम १९६६ साली पूर्णत्वास गेले. ते पाहायला भवानराव नव्हते.

(इ) श्री भवानी वस्तुसंग्रहालय

१९३८ साली औंध येथे यमाई देवीच्या डोंगरावर श्री भवानी वस्तुसंग्रहालय सुरू झाले. मुंबईतील भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली, तर प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय १९२२ साली लोकांसाठी खुले झाले होते. ही महानगरातली संग्रहालये. भवानरावांनी आपला संग्रह खेड्यात, यात्रेकरूंच्या वाटेवर मांडला. देवीच्या दर्शनाला चढणारा शेतकरी त्याच वाटेवर राजा रविवर्मा आणि म. वि. धुरंधर यांची मूळ चित्रे पाहू शकत होता. लघुचित्रे, हस्तिदंतावरील आणि चंदनावरील कोरीवकाम, तसेच ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे माता आणि बालक हे लहानसे शिल्पही येथे आहे.

या संग्रहात पाश्चात्त्य अभिजात चित्रांच्या प्रतिकृतीही आहेत. मूळ कलाकृतीलाच मोल देणारा जाणकार प्रतिकृतीकडे पाहून नाक मुरडतो. तुम्ही मात्र क्षणभर त्या काळच्या माणदेशी माणसाच्या जागी उभे राहून पाहा. युरोप तर सोडाच, अजिंठाही त्याच्या आवाक्यात नव्हता. त्याच्या दृष्टीने प्रतिकृती म्हणजे नक्कल नव्हे, तर प्रवेश होता. जे पाहण्यासाठी जाता येत नाही ते आपल्याकडे आणणे, हा सुगम्यतेचा एक जुना आणि परिणामकारक मार्ग आहे.

(ई) बंद दारे उघडण्याची वृत्ती

संग्रहालय आणि सत्तात्याग या दोन गोष्टी एकाच सुमारास घडाव्यात, हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही. १९३८ सालीच, सत्तरी पूर्ण होत असताना, भवानरावांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली, पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या सहभागाने औंधचे स्वराज्य-संविधान तयार झाले. ते जानेवारी १९३९ मध्ये अमलात आले. ग्रामपंचायत हा त्याचा पाया होता. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. गुन्हेगार ठरलेल्या माणसाला भिंतीविना ठेवता येते, तो कुटुंबासह शेती करू शकतो, हा विश्वास तिच्यामागे होता. १९५७ सालच्या दो आंखें बारह हाथ या चित्रपटाची प्रेरणा याच वसाहतीत होती. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे याच परिसरात वाढलेले.

१९४८ साली औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी भवानरावांचे निधन झाले. संग्रहालय आज महाराष्ट्र शासनाच्या व्यवस्थेखाली आहे.

(उ) आजचे प्रश्न: बृहन्नडेची पाटी

येथपर्यंतचे विवेचन गौरवाचे झाले. पण चरित्राचा अभ्यास गौरवापाशी थांबत नाही. भवानरावांचा संग्रह त्यांच्या अभिरुचीचा आहे. देवदेवता, महाकाव्यांतील नायक-नायिका आणि अभिजात सौंदर्य यांना त्यात मानाचे स्थान आहे. ज्यांना समाजाने नायक-नायिकांच्या चौकटीबाहेर ठेवले, त्यांचे काय? समलिंगी, पारलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या समावेशाचा आजच्या अर्थाने विचार भवानरावांनी केला होता, असे म्हणणे हा कालविपर्यास ठरेल. मात्र त्यांनी उचलून धरलेल्या ग्रंथातच या प्रश्नाचे बीज आहे.

विराटपर्वातील कथा तुम्हांला ठाऊक आहे. अज्ञातवासात अर्जुन बृहन्नडा होऊन विराटाच्या दरबारी येतो आणि राजकन्या उत्तरेला नृत्य-गायन शिकवतो. स्त्री नाही आणि पुरुषही नाही अशी ओळख सांगणाऱ्या व्यक्तीला येथे राजाश्रय मिळतो, तो कलेची शिक्षिका म्हणून. पण अंतःपुरात प्रवेश देण्यापूर्वी विराट तिची पारख करवून घेतो, हा तपशीलही कथेत आहे. म्हणजे प्रवेश मिळतो, पण तपासणीनंतर. व्यक्तीने स्वतः सांगितलेली ओळख पुरेशी मानावी की कोणी तरी ती प्रमाणित करावी, हा वाद आपल्या काळातही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात लिंगओळख स्वतः ठरवण्याचा व्यक्तीचा अधिकार मान्य केला. २०१९ च्या कायद्याने मात्र जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची तरतूद केली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी तरतूद ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द झाली, तीही न्यायालयाच्या निकालाने.

आता एखाद्या दालनातील बृहन्नडेच्या चित्राखाली कोणती पाटी लिहाल, याचा विचार करा. अर्जुनाचे सोंग असे लिहिले, तर पाहणाऱ्याचे लक्ष वेषापाशी थांबते. षंढ किंवा क्लीब हे शब्द लिहिले, तर ज्या शब्दांनी आजवर माणसांना हिणवले गेले, तेच आपण भिंतीवर कायम करतो. तृतीया प्रकृती ही संज्ञा कामसूत्रासारख्या प्राचीन ग्रंथात आढळते. तिच्यातील प्रकृती हा शब्द महत्त्वाचा आहे. त्यात विकृतीचा निर्देश नाही. स्वभावाचा आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता पाटी म्हणजे केवळ माहिती नव्हे. ती एक उक्ती असते आणि प्रत्येक उक्तीप्रमाणे ती आपला श्रोता गृहीत धरते. दालनात उभी असलेली तृतीयपंथी व्यक्ती ती पाटी वाचत आहे, हे लिहिणाऱ्याने गृहीत धरले आहे की नाही, हे शब्दांवरून लगेच कळते.

मराठी साहित्याने हे भान काही प्रमाणात दाखवले आहे. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात यल्लम्माच्या सेवेत असणारे जोगते राजन गवस यांच्या भंडारभोग या कादंबरीच्या केंद्रस्थानी आहेत. देवीच्या यात्रेत ज्याच्या परडीत श्रद्धेने जोगवा पडतो, तोच गावात चेष्टेचा विषय होतो. हा अंतर्विरोध मराठी वाचकाला परका नाही. यात्रेकरूंच्या वाटेवर उभ्या असलेल्या संग्रहालयालाही तो परका असू नये.

जगातील संग्रहालयांनी या दिशेने पावले टाकली आहेत. बर्लिनमध्ये १९८५ साली समलिंगी समाजाच्या इतिहासाला वाहिलेले संग्रहालय स्थापन झाले. लंडनच्या टेट ब्रिटन या कलादालनाने २०१७ साली ब्रिटिश कलेतील अशा जीवनांवर स्वतंत्र प्रदर्शन भरवले. २०२२ साली प्राग येथे संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. तिच्यात सुगम्यता, समावेश आणि विविधता या कल्पना आल्या. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम्य करण्याची जबाबदारी निश्चित केली आहे. डोंगरावरच्या संग्रहालयाच्या बाबतीत ही जबाबदारी अधिक कठीण आहे. चाकाच्या खुर्चीला चढण अडवते आणि दृष्टिहीन व्यक्तीला काचेची पेटी अडवते. येथेही प्रतिकृतीचा मार्ग उपयोगी पडतो. हाताने चाचपून पाहता येईल अशी शिल्पाची प्रतिकृती आणि कानांनी ऐकता येईल असे चित्राचे वर्णन, ही भवानरावांच्याच पद्धतीची पुढची पायरी ठरेल.

सारांश

भवानरावांनी लहान आणि बेताच्या उत्पन्नाच्या संस्थानात कला, शिक्षण, व्यायाम आणि स्वराज्य यांचे प्रयोग केले. महानगरातच असू शकते असे मानले जाणारे संग्रहालय त्यांनी खेड्यात आणले. ज्यांच्यापर्यंत कला पोहोचत नव्हती, त्यांच्यापर्यंत ती नेली. त्यांच्या काळी अंतर हा मोठा अडसर होता. आज अंतर बरेच कमी झाले आहे. उरलेले अडसर पायरीचे, नजरेचे आणि शब्दांचे आहेत. त्यांपैकी शब्दांचा अडसर दूर करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे, म्हणजे तुमचे आणि आमचे, काम आहे.

स्वाध्याय

१. औंध संस्थानची भौगोलिक व आर्थिक स्थिती लक्षात घेऊन भवानरावांच्या कलाविषयक कार्याचे मूल्यमापन करा.
२. प्रतिकृती म्हणजे प्रवेश, या विधानाची चर्चा करा.
३. सोंग, षंढ, क्लीब, तृतीयपंथी, पारलिंगी या शब्दांच्या अर्थच्छटांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
४. तुमच्या जवळच्या संग्रहालयाला भेट द्या आणि तेथील कोणत्याही एका कलाकृतीची पाटी तपासा. ती कोणाला उद्देशून लिहिली आहे आणि कोणाला वगळते, ते नोंदवा. त्याच कलाकृतीसाठी ५० शब्दांत नवी पाटी तयार करा.