आकाशातून वाट शोधणारे सर ॲलन कॉबहॅम

आपल्या गावाचा नकाशा तलाठी भाऊसाहेबांच्या दप्तरात असतो. पूर्वी मोजणीवाले साखळी ओढून जमीन मोजायचे. पण दलदल, वाळवंट आणि घनदाट जंगल असेल तिथं साखळी कशी ओढणार? तिथं विमानातून पाहणी करतात. अशी पाहणी करणारे एक मोठे वैमानिक म्हणजे ॲलन कॉबहॅम.

त्यांचा जन्म ६ मे १८९४ रोजी इंग्लंडमध्ये लंडन येथे झाला. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. तेव्हा तोफा ओढायला घोडे लागत. कॉबहॅम सैन्याच्या पशुवैद्यक खात्यात भरती झाले आणि फ्रान्समध्ये आजारी व जखमी घोड्यांची देखभाल करू लागले. विमानाचा आणि घोड्याचा काय संबंध असं वाटतं ना? पण पुढे ते विमानदळात गेले, विमान चालवायला शिकले आणि दुसऱ्यांनाही शिकवू लागले.

१९१८ ला युद्ध संपलं. आता वैमानिक पुष्कळ झाले आणि काम कमी. म्हणून १९१९ साली कॉबहॅम दोन भावांबरोबर भागीदारीत विमान घेऊन गावोगाव फिरू लागले. जत्रेत पाळणावाला येतो तसंच. कुरणात विमान उतरवायचं, पैसे घ्यायचे आणि लोकांना वरून एक चक्कर मारून आणायचं.

त्यानंतर त्यांना लंडनजवळ हेंडन येथे एअरको कंपनीत काम मिळालं. हवाई फोटोसाठी विमान चालवायचं. हे काम सोपं वाटतं पण सोपं नाही. ऊन स्वच्छ पाहिजे. ढग आला की त्या दिवशी काम बंद. नकाशासाठी फोटो काढायचे असले तर विमान एकाच उंचीवर ठेवावं लागतं आणि नांगराच्या तासासारखं सरळ न्यावं लागतं. एक तास झालं की वळून त्याच्या शेजारून दुसरं. कौलं घालताना एक कौल दुसऱ्यावर थोडं चढवतात, तसा प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर थोडा चढला पाहिजे. नाहीतर मधे जमीन सुटते. वैमानिकाला सारखं खाली बघून नदी, रस्ता, रूळ ओळखावे लागतात.

ही खाली बघायची सवय त्यांना पुढे फार उपयोगी पडली. त्या काळी लांबच्या देशांना जायचे हवाई रस्ते ठरलेले नव्हते. विमान कुठे उतरेल, पेट्रोल कुठे ठेवायचं, पावसाळ्यात मैदानात चिखल होतो का, हे कोणी तरी जाऊन पाहायला पाहिजे होतं. १९२४ च्या नोव्हेंबरात कॉबहॅम लंडनहून निघाले आणि आपल्या भारतावरून ब्रह्मदेशात रंगूनपर्यंत जाऊन १९२५ च्या मार्चमध्ये परत आले. वाटेत त्यांनी हिमालयाकडे विमान नेऊन बर्फाच्या डोंगरांचे फोटोही काढले. मग ते आफ्रिकेच्या टोकाला केपटाऊनला गेले. पाहणी करत जायला तीन महिने लागले, पण परत यायला फक्त १५ दिवस!

या दोन्ही वेळी त्यांच्याबरोबर आर्थर इलियट नावाचे मिस्त्री होते. इंजिन बिघडलं की तेच दुरुस्त करायचे. त्यांचं नाव फार लोकांना माहीत नाही, पण मला वाटतं ते पाहिजे. १९२६ च्या जून अखेर दोघे ऑस्ट्रेलियाला निघाले. पाण्यावर उतरता यावं म्हणून विमानाला चाकांऐवजी तराफे बसवले होते. जुलैमध्ये बगदादहून बसऱ्याला जाताना धुळीचं वादळ होतं, म्हणून विमान खालून चाललं होतं. एकदम मोठा आवाज झाला. कॉबहॅम यांना वाटलं की यंत्राचंच काही तरी फुटलं. पण खालून कोणी तरी बंदूक झाडली होती आणि गोळी इलियट यांना लागली होती. कॉबहॅम बसऱ्यापर्यंत विमान घेऊन गेले. दवाखान्यात नेलं, पण इलियट वाचले नाहीत.

कॉबहॅम यांना पुढे जावंसंच वाटेना. शेवटी इंग्लंडहून तारा आल्या, लोकांनी समजूत घातली, आणि विमानदळातले सार्जंट वॉर्ड हे मिस्त्री म्हणून बरोबर आले. कराची, दिल्ली, कलकत्ता करत ते ऑस्ट्रेलियाला पोचले. १ ऑक्टोबर १९२६ ला परत येऊन ते लंडनमध्ये थेम्स नदीवर, पार्लमेंटच्या समोर उतरले. काठावर माणसांची खूप गर्दी होती. त्याच वर्षी त्यांना सर ही पदवी मिळाली. इलियट मात्र ते बघायला नव्हते.

नंतर त्यांनी विमानांची सर्कस काढली. १९३४ साली उडत्या विमानात दुसऱ्या विमानातून पेट्रोल भरायची कंपनीही काढली. वरच्या वर, नळी लावून! २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ते वारले. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते.

इयत्ता ४ थी