मायकेलअँजेलोचे फ्लॉरेन्स

इटलीतील फ्लॉरेन्स हे आर्नो नदीच्या काठी वसलेले शहर. पंधराव्या शतकात कापडाचा व्यापार आणि सावकारी पेढ्या यांच्या बळावर ते संपन्न झाले आणि युरोपातील प्रबोधनकाळाचे केंद्र बनले. या शहराने अनेक थोर कलावंत घडवले. त्यांपैकी मायकेलअँजेलो ब्वोनारोत्ती याचे आयुष्य समजून घ्यायचे असेल, तर ग्रंथांइतकीच या शहराच्या गल्ल्यांचीही मदत होते. त्याच्या जीवनातील सुखदुःखांच्या खुणा येथील दगडांवर आजही दिसतात. या पाठात आपण त्याच्या पावलांमागून हे शहर पाहणार आहोत.

आपली वाट शहराबाहेरच्या टेकडीवरून सुरू होते. मायकेलअँजेलोचा जन्म ६ मार्च १४७५ रोजी काप्रेझे या लहानशा गावी झाला. वडील तेथे सरकारी अधिकारी होते. त्यांची नेमणूक संपताच कुटुंब फ्लॉरेन्सला परतले आणि तान्ह्या मुलाला सेत्तिन्यानो या गावी एका दाईकडे ठेवण्यात आले. हे गाव दगडखाणींचे होते आणि दाईचे घरही पाथरवटाचे होते. छिन्नी-हातोड्याचे प्रेम आपल्याला तिच्या दुधातूनच मिळाले, असे तो पुढे विनोदाने सांगत असे. तो सहा वर्षांचा असतानाच त्याची आई वारली.

शहरातील सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चमध्ये घिर्लांदायो या चित्रकाराची भव्य भित्तिचित्रे आहेत. ती रंगवण्याचे काम चालू असताना, १४८८ साली, तेरा वर्षांचा मायकेलअँजेलो त्याच्या हाताखाली शिकू लागला. वडिलांना हे रुचले नव्हते. घराण्याची आर्थिक स्थिती खालावलेली असली, तरी कुळाचा अभिमान कायम होता. हाताने काम करणाऱ्या कारागिराचा व्यवसाय त्यांना कमीपणाचा वाटे. मुलाने मात्र आपला हट्ट सोडला नाही.

लवकरच लोरेन्झो दे मेदिची याची दृष्टी या मुलावर पडली. मेदिची हे सावकारी करणारे घराणे. कोणतेही राजपद नसताना शहराची सत्ता त्यांच्याच हाती होती. लोरेन्झोने मायकेलअँजेलोला आपल्या वाड्यात ठेवून घेतले. तेथे त्याला प्राचीन शिल्पे पाहायला मिळाली आणि विद्वानांची संगत लाभली. १४९२ साली लोरेन्झो मरण पावला आणि हे छत्र हरपले. त्यानंतर नदीपलीकडील सांतो स्पिरितो या मठात प्रमुखांच्या परवानगीने त्याने शवांचे विच्छेदन केले. त्वचेखालील स्नायू, शिरा आणि हाडे यांची रचना त्याने तेथे जाणून घेतली. या उपकाराची फेड म्हणून त्याने घडवलेला मानला जाणारा लाकडी क्रूस त्या चर्चमध्ये आजही आहे.

१४९४ साली फ्लॉरेन्सच्या नागरिकांनी मेदिचींना हाकलून दिले व शहरात प्रजासत्ताक आले. मायकेलअँजेलो काही काळ रोममध्ये राहिला आणि तेथे कीर्ती मिळवून १५०१ साली परतला. मुख्य चर्चच्या बांधकामखात्याच्या आवारात तेव्हा संगमरवराचा एक प्रचंड ठोकळा पडून होता. १४६४ साली एका शिल्पकाराने त्यावर काम सुरू करून सोडून दिले होते. पुढे दुसऱ्यालाही ते साधले नाही. ऊनपावसात पडलेला हा अरुंद, अर्धवट कोरलेला दगड वाया गेला, असेच सर्वांना वाटत होते. सव्वीस वर्षांच्या मायकेलअँजेलोने तो स्वीकारला आणि सुमारे तीन वर्षांत त्यातून पाच मीटरांहून उंच असा डेव्हिड साकार केला.

डेव्हिड हा बायबलमधील एक मेंढपाळ मुलगा. त्याने गोफणीच्या एका दगडाने महाकाय गॉलिअथला ठार केले. मायकेलअँजेलोने विजयानंतरचा क्षण निवडला नाही. खांद्यावर गोफण टाकून शत्रूकडे रोखून पाहणारा, लढाईपूर्वीचा डेव्हिड त्याने घडवला. बलाढ्य शत्रूंनी वेढलेल्या लहानशा प्रजासत्ताकाला त्यात आपलेच रूप दिसले. पुतळा कोठे उभारावा हे ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीत लिओनार्दो दा विंची आणि बोत्तिचेल्ली हेही होते. अखेर तो नगरशासनाच्या वाड्यासमोर उभारण्याचे ठरले. आवारापासून तेथपर्यंतचे अंतर चालत काही मिनिटांचे आहे. परंतु १५०४ च्या मे महिन्यात तो पुतळा नेण्यास चार दिवस लागले. वाटेत रात्री कोणी तरी त्यावर दगडही फेकले. १८७३ साली मूळ पुतळा अकादमीच्या संग्रहालयात हलवण्यात आला. चौकात आज उभी आहे ती त्याची प्रतिकृती.

यानंतर आपण सान लोरेन्झो चर्चपाशी येतो. त्याची दर्शनी भिंत ओबडधोबड आणि उघडी आहे. १५१२ साली मेदिची पुन्हा सत्तेवर आले होते आणि ही भिंत संगमरवराने मढवण्याचे काम त्यांनी मायकेलअँजेलोवर सोपवले होते. त्याने कित्येक वर्षे खाणींत घालवली. पण १५२० साली करारच रद्द झाला. त्यानंतर याच चर्चमध्ये तो मेदिचींची समाधिस्थाने घडवू लागला.

येथेच त्याच्या आयुष्यातील सर्वांत कठीण पेच उभा राहिला. १५२७ साली नागरिकांनी मेदिचींना पुन्हा घालवले. १५२९ साली सम्राट आणि मेदिची घराण्यातीलच पोप सातवा क्लेमेंट यांच्या फौजा शहरावर चालून आल्या. ज्यांच्या घरी तो वाढला, त्यांच्याच विरुद्ध शहराची तटबंदी उभारण्याची जबाबदारी मायकेलअँजेलोने पत्करली. मध्यंतरी भीतीने ग्रासून तो व्हेनिसला पळून गेला. परंतु काही आठवड्यांतच तो वेढा पडलेल्या शहरात परत आला. सान मिनियातोच्या टेकडीवरील घंटाघराला तोफांचा मारा लागू नये म्हणून त्याने त्याभोवती लोकरीच्या गाद्या टांगल्या. ऑगस्ट १५३० मध्ये उपासमारीने खचलेले शहर शरण गेले. अनेकांना देहदंड झाला आणि मायकेलअँजेलो लपून बसला. १९७५ साली समाधिस्थानाखाली एक अरुंद खोली सापडली. तिच्या भिंतींवर कोळशाने काढलेल्या मानवाकृती आहेत. तो येथेच लपला होता आणि ही चित्रे त्याचीच आहेत, असे काही अभ्यासक मानतात; इतरांना ते मान्य नाही.

पोपने त्याला क्षमा केली, पण ती त्याने पुन्हा समाधींच्या कामाला लागावे यासाठी. ज्यांनी शहराचे स्वातंत्र्य हिरावले, त्यांचीच स्मारके त्याला घडवावी लागली. तेथील रात्र आणि दिवस, उषा आणि संध्या या मूर्तींच्या मुद्रांवर दिसणारा थकवा पाहताना या प्रसंगाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १५३४ साली काम अपुरे ठेवून तो रोमला निघून गेला. पुढील तीस वर्षांत तो फ्लॉरेन्सला एकदाही परतला नाही. शहराच्या ड्यूकने वारंवार बोलावणी धाडली. परंतु सेंट पीटर चर्चच्या बांधकामाचे कारण सांगून त्याने ती नाकारली.

१८ फेब्रुवारी १५६४ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, रोममध्ये त्याचे निधन झाले. रोमला त्याची समाधी आपल्याकडे हवी होती. परंतु आपला देह फ्लॉरेन्सच्या मातीत विसावावा, ही त्याची इच्छा होती. त्याच्या पुतण्याने पार्थिव व्यापारी मालाच्या गाठोड्यासारखे बांधून गुपचूप रवाना केले. सांता क्रोचे चर्चमध्ये त्याची समाधी आहे. तिच्यापासून जवळच त्याच्या मालकीची घरे होती. त्या ठिकाणी आज त्याच्या स्मृतीचे संग्रहालय आहे.

आपली वाट मात्र मुख्य चर्चच्या जुन्या आवारात संपते. तेथे आता संग्रहालय आहे. मायकेलअँजेलोने उतारवयात स्वतःच्या समाधीसाठी घडवायला घेतलेले आणि नैराश्याच्या भरात स्वतःच फोडलेले शिल्प तेथे ठेवले आहे. त्यात ख्रिस्ताच्या निष्प्राण देहाला सावरणाऱ्या वृद्धाला त्याने स्वतःचा चेहरा दिला आहे, असे मानले जाते. याच आवारात सव्वीस वर्षांच्या तरुणाने टाकून दिलेल्या दगडातून डेव्हिड घडवला होता. ज्या शहरात तो जिवंतपणी परतू शकला नाही, तेथे त्याचे तारुण्य आणि वार्धक्य असे एकाच जागी येऊन मिळाले आहे.