एटीपीचे डॉक्टर सुब्बाराव

मुलांनो, सायकलवरून पडून गुडघा फुटला की काही दिवसांनी खपलीखाली नवी कातडी येते. तिथल्या पेशींना वाढायचा निरोप मिळालेला असतो. हा निरोप पेशीच्या आत पोचवतात कायनेज नावाची प्रथिने. एक कायनेज दुसऱ्याला फॉस्फेटचा तुकडा चिकटवते, ते जागे होऊन तिसऱ्याला चिकटवते. आपल्या खो-खोसारखेच! हा फॉस्फेट येतो एटीपी नावाच्या रेणूतून. तो शोधणाऱ्यांत एक भारतीय होते, हे आम्हा मोठ्यांनाही ठाऊक नव्हते.

यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली आंध्रातील भीमावरमला झाला. मॅट्रिकला ते दोनदा नापास झाले. (हे वाक्य मुलांना मोठ्याने वाचून दाखवायचे की नाही, ते पालकांनी ठरवावे.) मद्रासला डॉक्टरी शिकताना गांधीजींमुळे खादी घालू लागले, इंग्रज प्राध्यापकांची मर्जी गेली आणि एम.बी.बी.एस.ऐवजी कमी दर्जाची पदवी हाती आली.

पुढे ते बॉस्टनला, हार्वर्डमध्ये आले. पोटासाठी रात्री इस्पितळात रुग्णांची भांडी धुतली. पत्नी गावीच होती. मुलगा झाला आणि तान्हेपणीच गेला. वडिलांनी त्याला पाहिलेही नाही. आपल्यापैकी कितीजण दर उन्हाळ्यात आजीकडे जातो! सुब्बाराव मात्र पुन्हा कधीच मायदेशी गेले नाहीत.

१९२५ साली सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी फॉस्फरस मोजण्याची पद्धत काढली: द्रावण जितके गडद निळे, तितका फॉस्फरस जास्त. तिच्या आधारे १९२९ साली स्नायूंत एटीपी सापडले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही ते मिळाले. तरी हार्वर्डने सुब्बारावांना कायमची जागा दिली नाही. १९४० साली ते न्यूयॉर्क राज्यातील लेडर्ली कंपनीत गेले. त्यांच्या गटाने बनवलेले अमिनोप्टेरिन डॉ. सिडनी फार्बर यांनी बॉस्टनमध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले. काही मुलांचा आजार काही महिने तरी मागे हटला. असे पूर्वी घडलेच नव्हते. ऑगस्ट १९४८ मध्ये, ५३व्या वर्षी, सुब्बाराव वारले.

कायनेजांचा खो-खो त्यांना पाहता आला नाही. एटीपीचा फॉस्फेट चिकटून एक प्रथिन जागे होते, हे क्रेब्ज आणि फिशर यांनी १९५५च्या सुमारास सिॲटलमध्ये दाखवले. १९९२ साली त्यांना नोबेल मिळाले. २००१ साली अमेरिकेत इमॅटिनिब या गोळीला मान्यता मिळाली. रक्ताच्या एका कर्करोगात एक कायनेज थांबतच नाही, सारखा वाढीचा खो देत सुटते. त्यात एटीपी बसायची जी जागा असते, तिथेच ही गोळी जाऊन बसते.